कडेची नजर

११ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. राजश्रीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. इंजेक्शनं द्यायची तेवढी देऊन झाली. आता चष्म्याचा नंबर बदलून किंवा ऑपरेशन करून ती नजर परत येणार नाही. कडेची आहे ती मात्र टिकेल, पूर्ण अंधार होणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. "सोडा, लोक बघतायत," म्हणाली. म्हटलं, बघू देत. आमच्या मिरजोळ्याच्या वाडीतलाच नितेश रिक्षा घेऊन थांबला होता. घरी येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, "म्हणजे आता तुमचं तोंड मला कधीच नीट दिसणार नाही." मी म्हटलं, त्यात काय बघण्यासारखं उरलंय? ती हसली नाही.

संध्याकाळी डोंबिवलीहून विनीतचा फोन. म्हणाला, "बाबा, घराला कुलूप लावा आणि दोघं इकडे या. आईला तुम्ही एकटे कसे सांभाळणार?" मी म्हटलं, "एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, भरलेल्या गाड्या सांभाळल्या. एक बायको सांभाळता येणार नाही?"

राजश्री आत बसून ऐकत होती. तिलाही धीर आला असावा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं आहे. आमटी खारट झाली, भात तळाला लागला, पण होईल सवय. मांडणीवरचे डबे तिने कसेही लावले होते. मोठ्याशेजारी लहान, त्याच्यापुढे बरणी. मी सगळे काढून, पुसून, उंचीप्रमाणे लावले. दुपारी ती मिरपूड शोधायला गेली आणि साखरेत हात घातला. म्हणूनच म्हणतो, तिने आता ओट्याशी येऊच नये.

बाजारात जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून गेलो. परत आलो तर ती ओट्यापाशी उभी. चहाचं भांडं शेगडीवर, खाली जाळ नाही.

"गॅस संपला वाटतं," म्हणाली.

"संपला नाही. मी बंद करून गेलो होतो."

तिने भांडं उचललं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. मग खोलीत जाऊन पडली ती दिवेलागणीपर्यंत. दमत असेल. काही का असेना, मी नसताना भाजलं-बिजलं नाही हे महत्त्वाचं.

जांघेतली गाठ आज जास्त दुखते. विहिरीवरच्या बादल्या. सर्जन मागेच म्हणाले होते की हर्नियाचं ऑपरेशन करून टाका. आता हिला टाकून मी दवाखान्यात कसा पडून राहू? पट्टा आवळून बांधतो. तिला सांगितलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांच्या दवाखान्यातून एक मुलगी आली. इरम नाव, राजिवड्याची. स्कूटर अंगणात लावली, हेल्मेट काढून डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि भली मोठी पिशवी घेऊन पायऱ्या चढली. नजर कमी झालेल्या माणसांना आपल्या घरात आपलं आपण राहायला शिकवणं, हे तिचं काम. अशी नोकरी असते हे मला माहीत नव्हतं.

ती थेट राजश्रीसमोर बसली. "काकी, आता जे करता येत नाही त्यातलं काय तुम्हाला परत करायचंय?"

मी सांगितलं, "तिला काही करायची गरज नाही. मी आहे ना."

"हो काका," ती म्हणाली, आणि पुन्हा राजश्रीलाच विचारलं, "काय करायचंय, काकी?"

राजश्री जरा पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "चहा. माझा मला. आणि कमळा दारावर मासे घेऊन येते ना, तिच्याकडचे मासे मला निवडून घ्यायचेत. हे आणतात ते सगळे मेलेले असतात."

मासे मेलेलेच असतात, असं मी म्हणणार होतो. पण परक्या पोरीसमोर माझी अशी शोभा करायची काही गरज नव्हती. मी चहा करायला आत गेलो. आतून ऐकू येत होतं, इरम सारखी म्हणत होती, "सरळ नको, काकी. जरा कडेला. आणखी थोडं. आता?" मग राजश्री एकदम हसली. कशाला ते विचारलं तर म्हणाली, "इरमच्या नाकात चमकी आहे."

आहे खरी.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

इरमने आज राजश्रीच्या जाड मखमली टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि शेगडीच्या बटणांना टिकल्या चिकटवल्या. बंदला एक, मंदला एक. बोटाला लागतात. भात पांढऱ्या ताटात नाही, काळ्या ताटात वाढायचा म्हणे, म्हणजे कडा कळतात. डाळ निवडायची ती पांढऱ्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीला एक रबरबँड, साखरेच्या गोळ्यांच्या डबीला दोन. माझ्याही गोळ्या तिने राजश्रीकडून तशाच ओळखून घेतल्या. मी म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत. "असू देत की काका," म्हणाली.

पुढच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळा रंग मारा, म्हणाली. चिऱ्याच्या पायऱ्या, सगळ्या एकाच रंगाच्या, कुठे संपते ते काकींना कळत नाही. मी वैतागलो. "हे घर आहे की एसटीचा डेपो?"

"एसटीच्या पायरीला पिवळा पट्टा असतो ना काका? तो कशाला मारतात?"

संध्याकाळी जाऊन ऑइलपेंटचा डबा आणला.

३ डिसेंबर, मंगळवार

राजश्री माझ्यावर रागावली आहे. चार-सहा दिवस बघतोय. बोलताना माझ्याकडे बघत नाही, कानाच्या पलीकडे कुठेतरी भिंतीवर बघत राहते. इतक्या वर्षांच्या संसारात कितीही भांडलो तरी तिने असं तोंड फिरवलं नव्हतं. जेवताना विचारलं, काय झालंय?

"काही नाही. तुम्ही आज दाढी नाही केलीत का?"

अंदाजाने म्हणाली असेल.

मी तिच्यासाठी एवढं करतो. सकाळी उठल्यापासून तिच्या मागे मागे असतो. न्हाणीत गेली तरी दाराशी उभा राहतो. त्याचं हे फळ.

१२ डिसेंबर, गुरुवार

डब्यांवरून आज भांडण झालं. तिने गेल्या आठवड्यात सगळे डबे पुन्हा आपल्या पद्धतीने लावले होते, मी काल ते परत सरळ केले. सकाळी ती फोडणीत मोहरीऐवजी मेथी टाकून बसली आणि मग बोलायची थांबेना. तेवढ्यात इरम आली. मला वाटलं माझी बाजू घेईल.

"काका, काकी जागेवरून ओळखतात," ती म्हणाली. "तुम्ही जागा हलवलीत की त्यांना रोज नवीन घरात राहायला आल्यासारखं होतं."

असं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कदाचित राजश्रीने सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

मग मला शिक्षा मिळाली. राजश्री चहा करणार आणि मी ओटीवर बसायचं. आतून कसलाही आवाज आला तरी उठायचं नाही. बसलो. भांडं वाजलं. लायटर वाजला. बराच वेळ काहीच वाजेना, तेव्हा जास्त घाबरलो. मग काहीतरी खाली पडून फुटलं. मी उठलोच, तर इरम दारातच उभी होती. नुसता हात वर केला. स्टँडवर आम्ही गाडी थांबवायला करायचो तसा. बसलो परत.

राजश्री ट्रे घेऊन बाहेर आली. बशीत थोडा सांडला होता, बाकी चहा झकास होता. "कप फुटला एक," म्हणाली, "तुमचा."

जाताना इरमने सुईत दोरा ओवायची पातळ तारेची चकती दिली. राजश्रीने दुसऱ्या खेपेला ओवला. मग उगाच काढून पुन्हा ओवला.

१७ डिसेंबर, मंगळवार

कमळा आली. राजश्री पाट घेऊन पायरीवर बसली, पाटी पुढ्यात ओढली. एकेक बांगडा उचलून पोट दाबून बघते, कल्ला उघडून वास घेते, बाजूला ठेवते.

"हा नको, कमळाबाय. आणि हा तर कालचा."

"वयनी, तुमची नजर गेली म्हंतात ती लोकं खोटी," कमळा म्हणाली. "ह्ये भाऊ येतात तवा मी बरे काल-परवाचे खपवते."

दोघी माझ्यासमोर हसल्या. मीही हसलो. बांगडे खरोखर चांगले होते.

पण दुपारी भाकरी करताना तिचं बोट तव्याला लागलं. चांगला फोड आला. मी विनीतला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झालं तेवढं पुरे, बाबा. मी ख्रिसमसला येतो आणि तुम्हाला दोघांना घेऊनच जातो."

राजश्रीला सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "लग्न झाल्यापासून तव्याला माझा हात कितीदा लागला असेल? तेव्हा कुणाला फोन केला होतात?"

खूपदा लागला असेल. पण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती काय करील, हेही मला दिसत नाही. तिथला एकही डबा तिच्या ओळखीचा नाही. मी फोन करायला नको होता की काय, हे कळत नाही. काळजी करणं चूक कसं असेल?

इरमने पांढरी काठी आणली होती. राजश्रीने हात लावला नाही. "वाडीत आंधळी म्हणतील." काठी दारामागे उभी आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यातून लिहितोय. विनीतने वही आणून दिली. हळूहळू लिहितो, जमेल तेवढं.

रविवारी सकाळी विहिरीवरून बादली उचलली आणि जांघेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. बादली गडगडत गेली. मी तिथेच वाकलो, मग बसलो, मग आडवा झालो. उलट्या सुरू झाल्या. हाक मारायला गेलो तर आवाज निघेना.

राजश्री बादलीचा आवाज ऐकून आली. पायऱ्या उतरताना तिने भिंतीला हातसुद्धा लावला नाही. माझ्याजवळ बसली, तोंड, छाती, पोट चाचपत हात खाली आला आणि थांबला. पट्टा आणि त्याच्या खालची गाठ.

"हे कधीपासून?"

"पावसाळ्यापासून," मी म्हटलं. आता लपवून काय करणार?

तिने कमरेचा फोन काढून तोंडाजवळ धरला, "नितेश रिक्षाला फोन लाव" म्हणाली, आणि फोन बोलला, लावतो. नितेश येईपर्यंत ती घरात जाऊन आली. माझ्या गोळ्या, चष्मा, कपाटातली दवाखान्याची फाइल, पाण्याची बाटली. दाराला कुलूप. गॅस बंद केलास का, असं मी कण्हत कण्हत विचारलं म्हणे. मला आठवत नाही. नितेश सांगतो.

दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, सोबत कोण आहे? ती म्हणाली, "मी आहे." ते तिच्या मागे बघायला लागले, आणखी कोणी असेल म्हणून. "मीच आहे," ती म्हणाली. "मला कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. काय ते मला सांगा." मग कुठल्या गोळ्या चालू आहेत, सकाळी काय खाल्लं, कसली ॲलर्जी आहे, सगळं तिने सांगितलं. मी तिला कधी सांगितलं होतं कोण जाणे. सही करायची वेळ आली तेव्हा पर्समधून इरमने दिलेला पुठ्ठा काढला, मधे चीर पाडलेला. "सहीच्या जागेवर हा ठेवा, ताई." नर्सने ठेवला. तिने चिरेत सही केली, नेहमीसारखी, सरळ रेषेत.

आतडं अडकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले.

आत नेण्याआधी ती माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणेल.

"माझ्यासाठी थांबलात ना ऑपरेशन करायचे?"

मी मान हलवली. तिला दिसली असावी.

"परत असं केलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी," म्हणाली.

२६ डिसेंबर, गुरुवार

विनीत सोमवारीच आला, कालपासून माझ्यापाशी रात्रंदिवस तोच थांबतो. राजश्री घरी एकटी. तिनेच ठरवलं. विनीतने चिडून पाहिलं, समजावून पाहिलं, शेजारच्या बाईंना सोबतीला बोलावतो म्हणाला. ती म्हणाली, "बाबांना इथे माणूस लागतं. मला नाही लागत."

माझं पडल्या पडल्या डोकं फिरायची पाळी आली. इरम भेटायला आली तेव्हा मी तिला विनवलं, तू जाऊन राहा दोन दिवस.

"काकींनी बोलावलं तर लगेच जाईन, काका."

"ती नाही बोलावणार."

"मग नाही जाणार." टोपलीभर चिकू ठेवून गेली. तिच्या अम्मीने दिले होते.

संध्याकाळी विनीत कपडे आणायला म्हणून घरी गेला. परत आल्यावर आपणहून सांगायला लागला. अंगणात चप्पल न वाजवता उभा राहिला होता, आईला कळू न देता बघावं म्हणून. आई ओटीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझे शर्ट वेगळे, तिची लुगडी वेगळी. मग ती दिवा लावायला आत गेली, तसा विनीत हळूच पायऱ्या चढून दाराबाहेर थांबला. निरांजनाच्या वातीला आधी बोट लावून बघितलं, मग काडी. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "विनीत, बाहेर का उभा राहिलायस? हातपाय धू, बांगड्याचं सार केलंय."

"तुला कसं कळलं मी आहे?"

"पायऱ्या तू एकाआड एक चढतोस. शाळेत होतास तेव्हापासून."

"जेवलास का मग?" मी विचारलं.

"दोनदा भात घेतला," म्हणाला. डोंबिवलीचा विषय त्याने आज काढला नाही.

३० डिसेंबर, सोमवार

घरी आलो. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, महिनाभर. खाटेवर पडून आहे आणि राजश्री माझी शुश्रूषा करते असं कुणाला वाटेल, पण तसं काही नाही. पाणी मागितलं तर म्हणते, "उजव्या हाताला स्टुलावर तांब्या आहे. उठून बसा आणि घ्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तुम्हाला." इरमची शिकवणी माझ्यावर चालली आहे. मात्र पेज गरम असते, त्यात तूप असतं, आणि मी चालायला लागलो की ती हातातलं काम थांबवून माझ्या पावलांचा आवाज ऐकत असते. हे मी पाहिलं.

आज दुपारी ती खाटेच्या काठावर बसली होती. पुन्हा तेच, माझ्या कानापलीकडे बघत. एवढं झाल्यावरही राग गेला नाही म्हणून मला वाईट वाटलं. म्हटलं, "राजश्री, तू माझ्याकडे का बघत नाहीस?"

"बघतेच आहे की."

"मी इकडे आहे. तू भिंतीकडे बघतेस."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. "अहो, सरळ बघितलं तर तुमच्या तोंडाच्या जागी नुसता राखाडी डाग असतो. कानाकडे बघितलं की तुम्ही दिसता. इरमने शिकवलं ना पहिल्याच दिवशी. तुम्ही चहा करत होता तेव्हा." मग जरा थांबून म्हणाली, "वाळलात तुम्ही. गालफडं बसली."

म्हणजे गेला महिनाभर ती माझ्याकडे बघत होती.

मी तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहिलो. तिने विचारलं, टाके दुखतात का? म्हटलं, हो.

१ जानेवारी, बुधवार

विनीत आज गेला. जाण्याआधी ओट्याच्या वर एक लांब दिवा बसवून गेला, आईच्या हातावर सावली पडणार नाही असा. इरमला फोन करून कुठे लावायचा ते विचारून घेतलं होतं. गाडीची वेळ झाली तेव्हा राजश्री त्याला म्हणाली, "आता उन्हाळ्यात तुम्ही नवरा-बायकोच या. नम्रताला म्हणावं, आंबे खायला ये." विनीत म्हणाला, "येतो." कुलपाबिलपाचं कुणी काही बोललं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. राजश्रीने तिळाचे लाडू वळले. पाक झाला की नाही हे ती पूर्वी बघून ठरवायची, आता पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी करते. लाडू दगडासारखे झाले आहेत. पूर्वीही होत असत, हे मात्र मी बोललो नाही.

दुपारी ऊन खात ओटीवर बसली होती. मांडीवर विनीतच्या लहानपणच्या कपड्यांची गोधडी, निम्मी शिवून झालेली. मला हाक मारली, "एवढा दोरा ओवून द्या हो. मला नाही जमत." मी चष्मा लावला, दोऱ्याचं टोक ओलं करून सावकाश ओवून दिला. एवढी एक गोष्ट तिला अजून येत नाही. बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली, पुन्हा ओवून दिला.

मागच्या कलमाला मोहोर बरा आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला. सकाळी ती पाणंदीतून देवळापर्यंत एकटी गेली, काठी न घेता. वाटेत वाडीतलीच कोणी बाई समोरून येऊन उभी राहिली, ही तिच्याकडे न बघता पुढे गेली. ती बाई मागून म्हणाली, "पोरगा मुंबईत मोठा झाला म्हणून ओळख देत नाही वाटतं." राजश्री वळून सांगायला गेली आणि वाटेकडेच्या दगडी गडग्याला अडखळून पडली. गुडघा फुटला.

इरम आली तेव्हा खोलीतून बाहेर आली नाही. "तिला म्हणावं, आज नको. रोज रोज शिकायचा कंटाळा आला. एक दिवस नुसतं उठून काम करावं, आधी चाचपून न बघता, एवढंच वाटतं."

इरम गेली नाही. ओटीवर बसली, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत. म्हणाली, तिचे अब्बा खलाशी होते, काचबिंदूने हळूहळू नजर गेली. घरातल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं हातात देत राहिले. "मीसुद्धा," म्हणाली. "लहान होते. वाटायचं आपण किती चांगलं करतोय." मग पिशवी उचलून गेली.

मी आत गेलो. पूर्वी मी काय केलं असतं? गुडघ्याला हळद लावली असती, आता उठू नकोस म्हटलं असतं, आणि भात टाकला असता. आज नुसता तिच्याजवळ जमिनीवर बसलो. टाक्यांमुळे बसायलाच वेळ लागला.

मग ती म्हणाली, "ती बाई कोण होती ते तरी कळायला हवं होतं. आवाजावरून लक्षात आलं नाही."

"काठी असती तर तिलाच कळलं असतं," मी म्हटलं. म्हणून मोकळा झालो आणि वाटलं, आता ही चिडणार.

चिडली नाही. संध्याकाळी तिनेच दारामागून काठी काढली आणि अंगणात फिरून बघितलं. जरा लांब आहे म्हणाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

राजश्रीची थोरली बहीण गोदाताई मालगुंडला असते. तिच्या नातीला मुलगी झाली, आज बारसं. मी जाणार नव्हतो. गाडीचे धक्के बसायला नकोत असं सर्जन म्हणालेत. राजश्री म्हणाली, "मी जाते."

"नितेशची रिक्षा सांगतो मालगुंडपर्यंत."

"एसटीने जाते. एसटीवाल्याची बायको मी."

स्टँडपर्यंत मात्र मला येऊ दिलं. एक अट घातली, स्टँडवर कुणाशी बोलायचं नाही. आता काय सांगू, तिथे निम्मे लोक माझ्या ओळखीचे. ती काठी पुढे टेकवत फलाटापर्यंत गेली. लोक आपणहून बाजूला होत होते. गाडी लागली तेव्हा पाटी वाचता येईना म्हणून तिनेच मोठ्याने विचारलं, "ही मालगुंडची का?" कंडक्टर म्हणजे कोवळी मुलगी, आता मुलीही असतात. "हो मावशी, या." मावशी पायरीची कड काठीने बघून चढल्या. त्या मुलीला मी सांगणार होतो, हिला कमी दिसतं, उतरताना जरा बघ, स्टॉपच्या आधी हाक मार. तोंडापर्यंत आलं होतं. पण खिडकीतून ऐकू आलं, राजश्री स्वतःच तिला सांगत होती, "मला पुढचं दिसत नाही बाळ, मालगुंड आलं की आवाज दे."

गाडी वळली तेव्हा ती खिडकीशी बसलेली दिसली. माझ्याकडे नाही, जरा बाजूला बघत होती. मी हात हलवला. तिनेही हलवला.

चालत चालत बाजारातून घरी आलो. फोन करायचा नाही असं ठरवलं आणि फोन समोर ठेवून बसलो. पेपर वाचला, काय वाचलं आठवत नाही. कमळा येऊन गेली. मासे घेतले नाहीत, मला निवडता येत नाहीत म्हणून सांगितलं. दुपार उलटली तेव्हा फोन वाजला. मागे बायकांचा नुसता गोंगाट, पाळणा म्हणत होत्या.

"पोचले हो. केव्हाच. इथे गडबडीत फोन करायचा राहिला."

"उतरताना?"

"उतरले. त्या मुलीने गाडी दारासमोर थांबवली गोदाच्या. बाळ गोरं आहे म्हणतात सगळ्या. मला सावळं वाटतं." मग आवाज जरा खाली आला. "गोदा म्हणते दोन दिवस राहा. मलाही राहावंसं वाटतंय. तुम्हाला जमेल ना एकट्याने?"

"जमेल," मी म्हटलं. मग मेथी आणि मोहरीचे डबे कुठे आहेत ते तिच्याकडून नीट विचारून घेतलं.